उद्याचा धातुशोधक

प्रस्तावना

रेल्वे स्थानक, न्यायालय किंवा मोठे देवस्थान यांच्या प्रवेशद्वारात उभी केलेली चौकट तुम्ही पाहिली असेल. खिशात किल्ल्यांचा जुडगा राहून गेला तर ती चौकट वाजते आणि पहारेकरी आपल्याला बाजूला घेतो. हे धातुशोधक यंत्र, म्हणजेच मेटल डिटेक्टर. आपल्या देशात बहुतेकांची या यंत्राशी ओळख एवढीच असते. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांत मात्र याच तत्त्वावर चालणारे हातातले यंत्र घेऊन शेतांतून आणि समुद्रकिनाऱ्यांवरून तासन्‌तास फिरणे हा हजारो माणसांचा छंद आहे. या छंदिष्टांना उद्याच्या यंत्राकडून काय हवे आहे? त्यांपैकी काय मिळण्याजोगे आहे? आणि मागितलेले सारेच मिळाले, तर त्यात कोणाचे नुकसान तर होणार नाही ना? या प्रश्नांचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही धातुशोधक यंत्राचे कार्य सोप्या शब्दांत सांगू शकाल. एखाद्या यंत्राविषयीची अपेक्षा आणि त्या यंत्राची निसर्गदत्त मर्यादा यांतील फरक स्पष्ट करू शकाल. तसेच जमिनीत सापडलेल्या वस्तूइतकेच तिच्या जागेला महत्त्व का असते, हे उदाहरणांसह लिहू शकाल.

मूळ पाठ

१६ नोव्हेंबर १९९२. इंग्लंडच्या सफोक परगण्यातील हॉक्सन या खेड्यात एरिक लॉझ नावाचे एक निवृत्त गृहस्थ आपले धातुशोधक यंत्र घेऊन शेतात उतरले. त्यांना धन शोधायचे नव्हते. पीटर व्हॉटलिंग या त्यांच्या शेतकरी मित्राचा हातोडा त्या शेतात हरवला होता आणि तो शोधून देण्यासाठी ते आले होते. यंत्राने एका जागी जोरदार साद दिली. लॉझ यांनी माती उकरली, तेव्हा हातोड्याऐवजी चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी वर येऊ लागली. दोन पिशव्या भरतील इतका ऐवज हाती लागल्यावर त्यांनी एक विलक्षण गोष्ट केली. ते थांबले. उरलेला ऐवज जमिनीतच राहू देऊन त्यांनी पोलिसांना आणि जमिनीची मालकी असलेल्या परगणा परिषदेला कळवले.

दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तो खड्डा पद्धतशीरपणे उकरला. १४,८६५ नाणी आणि सोन्याचांदीच्या सुमारे दोनशे वस्तू मिळाल्या. रोमन सत्ता ब्रिटनमधून ओसरत असताना, इ. स. ४०७-४०८ नंतर केव्हातरी, कोणा श्रीमंत कुटुंबाने हा निधी पुरला होता. मात्र नुसत्या नाण्यांवरून जे कधीच कळले नसते, ते जमिनीने सांगितले. बहुतेक ऐवज एका लाकडी पेटीत होता. पेटीचे लाकूड केव्हाच कुजून गेले होते. पण तिच्या बिजागऱ्या आणि लहान कुलपे जागच्या जागी होती. चांदीची भांडी एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये घातलेल्या गवताचे अवशेषही ओळखता आले. घाईघाईने घर सोडणाऱ्या माणसांनी सामान किती काळजीपूर्वक रचले होते, याचे चित्र दीड हजार वर्षांनंतर डोळ्यांपुढे उभे राहिले. हातोडाही नंतर सापडला.

या प्रसंगात यंत्राने नेमके काय केले, हे पाहण्यासारखे आहे. 'येथे धातू आहे,' एवढेच त्याने सांगितले. तो लोखंडी हातोडा आहे की रोमन पेटी, ती किती खोल आहे, ती उकरावी की तशीच ठेवावी, यांतील कशाचाही निर्णय यंत्राने दिला नाही. आजचे यंत्र त्याहून कितीतरी प्रगत आहे. तरीही छंदिष्टांच्या अपेक्षांची यादी मुळात याच एका उणिवेतून जन्माला आलेली आहे.

यंत्र 'ऐकते' कसे?

धातुशोधकाच्या दांड्याच्या टोकाला एक चपटी थाळी असते. तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून दर सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सोडला, की थाळीभोवती तितक्याच वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते आणि ते जमिनीत शिरते. वाटेत धातूची वस्तू आली तर तिच्यात पाण्यातील भोवऱ्यांसारखे लहान विद्युतप्रवाह फिरू लागतात. या भोवऱ्यांचे स्वतःचे एक क्षीण चुंबकीय क्षेत्र असते. दुसरे वेटोळे ते टिपते आणि छंदिष्टाच्या कानातील हेडफोनमध्ये आवाज उमटतो. मूळ क्षेत्र आणि परत आलेला संकेत यांत किंचित कालांतर असते. जाड चांदीचे नाणे असेल तर ते अधिक, पातळ पत्रा असेल तर कमी. लोखंड स्वतःच चुंबकित होत असल्याने त्याचा संकेत पुन्हा निराळा असतो. या फरकावरून यंत्र पडद्यावर एक अंक दाखवते आणि तो पाहून खणायचे की नाही, हे छंदिष्ट ठरवतो.

या कल्पनेचा एक प्रसिद्ध प्रयोग सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी झाला आणि तो फसला. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरात रुतून बसली. ती शोधण्यासाठी दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी वेटोळी आणि दूरध्वनीचा श्रवणभाग जोडून एक यंत्र सिद्ध केले. यंत्र वाजले, पण गोळीची जागा काही निश्चित होईना. रुग्ण ज्या गादीवर निजले होते तिच्यात पोलादी स्प्रिंगा होत्या. शिवाय गोळी उजव्या बाजूस आहे असे मुख्य डॉक्टरांचे ठाम मत असल्यामुळे शोधही त्याच बाजूस घेतला गेला; ती निघाली डावीकडे. १९ सप्टेंबर रोजी गारफील्ड यांचा मृत्यू झाला. नको असलेला धातू हवा असलेल्या धातूला झाकून टाकतो, ही बेल यांची अडचण आजच्या छंदिष्टालाही रोज छळते. आणि शोधणाऱ्याने आधीच मत बनवले असेल तर यंत्र कितीही चांगले असून उपयोग होत नाही, हेही तेथेच दिसून आले होते.

पाठगत प्रश्न १
(अ) हॉक्सन येथे लॉझ यांनी काम मध्येच का थांबवले असावे?
(आ) बेल यांच्या यंत्राला गोळी न सापडण्याची दोन कारणे लिहा.

पहिली मागणी : 'काय आहे ते सांगा'

कोणाही छंदिष्टाला विचारले तर तो प्रथम हेच मागेल : खणण्यापूर्वी वस्तू ओळखणारे यंत्र. त्याचे कारण सोपे आहे. शेतात आणि किनाऱ्यावर सापडणाऱ्या वस्तूंत खिळे, बाटल्यांची झाकणे, काडतुसांची टोपणे आणि चांदीसारखा दिसणारा ॲल्युमिनियमचा कागद यांचाच भरणा असतो. दिवसभर वाकून, गुडघे टेकून पन्नास खड्डे खणावेत आणि संध्याकाळी पिशवीत कचराच जमावा, असे दिवस या छंदात नेहमीचे असतात.

यंत्र तो अंक दाखवते खरे. पण तो अंक धातूचे नाव नसतो. सोन्याची पातळ अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ओढून काढायची कडी यांचे उदाहरण या छंदात सर्वत्र दिले जाते. दोन्ही वस्तू आकाराने लहान, कड्यासारख्या आणि मध्यम वाहकतेच्या असल्यामुळे यंत्र अनेकदा दोन्हींसाठी जवळजवळ सारखाच अंक दाखवते. संकेत ठरतो तो केवळ धातूवरून नव्हे, तर वस्तूची जाडी, आकार, आडवी की उभी पडलेली आहे ती स्थिती, या सर्वांवरून. कड्या टाळण्यासाठी तो अंक यंत्रात बंद करून ठेवला, तर अंगठ्याही त्याबरोबर सुटतात. उलट गंजलेली मोठी लोखंडी चकती कधीकधी चांदीच्या थाटात गाते आणि छंदिष्टाला हातभर खोल खणायला लावते.

यावर एक उपाय पूर्वीच निघाला आहे. आजची अनेक यंत्रे एकाच वेळी अनेक वारंवारितांचा वापर करतात. कमी वारंवारिता जाड चांदीला चांगली प्रतिसाद देते, जास्त वारंवारिता बारीक सोन्याला. दोन्हींची तुलना केली की ओल्या खाऱ्या वाळूचा खोटा संकेतही बराचसा वेगळा काढता येतो. पुढची आशा आहे ती कृत्रिम बुद्धिमत्तेची. लाखो संकेतांचा अभ्यास केलेले यंत्र अंगठी आणि कडी यांतील बारकावे ओळखू शकेल, असे अनेकांना वाटते. काही प्रमाणात ते घडेलही. तथापि, दोन वस्तूंचे संकेत जर खरोखरच सारखे असतील, तर जी माहिती संकेतातच नाही ती कोणत्याही गणिताला त्यातून काढता येणार नाही. ही गोष्ट विक्रेत्यांच्या जाहिरातीत सहसा आढळत नाही.

मग वस्तूचे चित्रच पडद्यावर का दिसू नये? ही मागणीही जुनी आहे. चित्र काढायचे तर थाळी कोणत्या क्षणी नेमकी कोठे होती, हे यंत्राला बोटभर अचूकतेने ठाऊक हवे. हाताने डावीकडून उजवीकडे फिरणाऱ्या थाळीबाबत ते साधत नाही. जमिनीत गाडले गेलेले न फुटलेले बाँब शोधण्यासाठी अनेक वेटोळी गाड्यावर ओळीने बसवून हे काम करतात. पण असा गाडा कोणी रविवारी खांद्याला अडकवून फिरू शकत नाही. रडारच्या लहरी जमिनीत सोडण्याचे तंत्रही आहे. ते कोरड्या वाळूत उत्तम चालते, आणि ओल्या चिकणमातीत किंवा खारवट जमिनीत लहरी थोड्याच अंतरावर शोषल्या जातात. इंग्लंडमधील पुष्कळशी शेते नेमकी तशीच ओली आणि चिकण आहेत.

दुसरी मागणी : 'आणखी खोल'

खोलीची मागणी ऐकायला साधी वाटते. तिचा हिशेब मात्र कठोर आहे. थाळीच्या आकाराच्या मानाने वस्तू खोल असेल, तर अंतर दुप्पट होताच तिच्यापर्यंत पोचणारे क्षेत्र आठपट क्षीण होते. तिच्याकडून परत येणारे क्षेत्रही पुन्हा आठपट क्षीण होते. म्हणजे खोली दुप्पट, तर संकेत चौसष्टावा हिस्सा. एखाद्या नाण्याच्या बाबतीत वीस-तीस सेंटिमीटरच्या पलीकडे गाडी का अडते, हे यावरून समजेल. मोठी थाळी लावली तर ती खोलवर पाहते. पण लहान वस्तू तिच्यातून निसटतात आणि एकाच वेळी अनेक खिळे तिच्याखाली येऊन गोंधळ वाढतो. यंत्राची शक्ती वाढवली तर जमिनीचाच आवाज वाढतो.

हा जमिनीचा आवाज म्हणजे काय? मातीत लोहयुक्त खनिजे असतात आणि तीही यंत्राला साद देतात. महाराष्ट्राच्या पठारावरील काळ्या कातळात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते, आणि कोकण-गोव्याच्या जांभ्या दगडात तर लोह उघड्या डोळ्यांनी दिसते. अशा भूमीवर साधे यंत्र अखंड कुरकुरत राहील. ऑस्ट्रेलियातील तांबड्या, लोहयुक्त मातीत सोन्याचे कण शोधणाऱ्यांनी म्हणूनच निराळे तंत्र पत्करले : यंत्र प्रवाहाचा एक जोरदार ठोका देते, प्रवाह बंद करते आणि मग शांततेत धातूतील भोवरे विझताना ऐकते. हे यंत्र अधिक खोल जाते. पण लोखंड आणि सोने यांतील फरक त्याला फारसा कळत नाही. खोली हवी तर पारख सोडावी लागते, पारख हवी तर खोली, अशी ही कोंडी आहे. दोन्ही एकाच यंत्रात आणणे हे या क्षेत्रातील अभियंत्यांचे जुने स्वप्न आहे.

खोलीच्या मागणीला दुसरीही बाजू आहे आणि ती तंत्राची नाही. नांगराच्या फाळाने वर्षानुवर्षे उलथापालथ झालेल्या मातीच्या थरात वस्तू आपल्या मूळ जागेवरून हललेल्या असतात. त्या उचलल्याने फारसे बिघडत नाही. उलट पुढच्या नांगरटीत त्या तुटण्यापासून वाचतात. त्या थराच्या खाली मात्र जुनी जमीन, चुली, खांबांचे खड्डे, पेटीच्या बिजागऱ्या आपापल्या जागी असतात. इंग्लंडमधील छंदिष्टांसाठी २००६ साली जी आचारसंहिता तयार झाली आणि २०१७ साली सुधारली गेली, ती नांगरटीच्या खोलीपलीकडे जाऊ नये असेच सांगते. आजच्या यंत्राची दुर्बलता हीच आजवर या खालच्या थराची राखण करत आली आहे. एक मीटर खोलीवरचे नाणे दाखवणारे यंत्र उद्या बाजारात आले, तर एकट्या माणसाला अंधाऱ्या खड्ड्यात तेवढे खणण्याचा मोह आवरणे कठीण जाईल.

पाठगत प्रश्न २
(अ) खोली दुप्पट झाल्यास संकेत चौसष्टावा हिस्सा का होतो?
(आ) 'यंत्राची दुर्बलता हीच राखण' असे पाठात का म्हटले आहे?

लहान पण खऱ्या तक्रारी

काही अपेक्षा फार साध्या असतात आणि त्या पूर्ण करणे कोणत्याही नियमाला धरून अशक्य नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अभियंता योझेफ कोसात्स्की यांनी तयार केलेला सुरुंगशोधक १९४२ साली एल अलामेनच्या लढाईत वापरला गेला. त्याचे वजन सुमारे चौदा किलो होते. आजचे छंदाचे यंत्र किलोच्या आसपास असते. तरीही सहा तास एक किलो वजन हात लांब करून झुलवून पाहावे, म्हणजे खांदा काय म्हणतो ते समजेल. म्हणून वजनाइतकाच समतोल महत्त्वाचा. बिनतारी हेडफोन सोयीचे खरे. पण आवाज क्षणभर उशिरा पोचला तर थाळी तोवर पुढे गेलेली असते आणि खड्डा चुकीच्या जागी खणला जातो. उन्हात वाचता येईल असा पडदा हवा. पावसात आणि पाण्यात यंत्र टिकावे. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी मुठीत जाणवणारे कंपन असावे. आणि विशेष म्हणजे, बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः बदलता यावी. चार-पाच वर्षांनी बॅटरी दमली म्हणून संपूर्ण यंत्र टाकून देण्याची पाळी येऊ नये. ही शेवटची तक्रार आपल्याकडील मोबाइल फोन वापरणाऱ्यांनाही ओळखीची वाटेल.

यंत्राची आठवण

आता अशा एका गुणाकडे वळू, ज्याची मागणी छंदिष्टांच्या यादीत खाली असते आणि पुरातत्त्वज्ञांच्या यादीत सर्वांत वर. तो गुण म्हणजे स्मरण. यंत्र ऐकते, सांगते आणि विसरून जाते. वस्तू खिशात जाते. ती कोठे, किती खोल, कशाशेजारी होती, हे संध्याकाळपर्यंत पुसट होते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ साली सुरू झालेल्या 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम' या योजनेत सामान्य माणसांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद स्वेच्छेने केली जाते. पंधरा लाखांहून अधिक वस्तू तिच्यात नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतील फार मोठा वाटा छंदिष्टांचा आहे. एकेक नाणे, बकल किंवा ब्रोच क्षुल्लक असते. पण शेकडो नोंदी नकाशावर मांडल्या की कोणाला ठाऊक नसलेला बाजार, रस्ता किंवा वस्ती उमटू लागते. नोंदीतून जागा वगळली तर उरते ते केवळ मोडीचे सामान.

जागा हरवली म्हणजे काय हरवते, याचे एक दुःखद उदाहरण २०१५ सालचे आहे. हेरफर्डशायरमधील लेम्स्टर गावाजवळ दोघा जणांना नवव्या शतकातील नाणी आणि दागिने सापडले. कायद्याने ते कळवणे बंधनकारक असताना त्यांनी ते दडवले आणि नाणी गुपचूप विकायला सुरुवात केली. तपासकर्त्यांनी मोबाइल फोनमधून पुसून टाकलेली छायाचित्रे परत मिळवली, तेव्हा निधी केवढा मोठा होता ते उघड झाले. सुमारे तीनशे नाणी असावीत असा अंदाज आहे. हाती आली ती त्यांतील थोडीच. २०१९ साली दोघांना दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. जी थोडी नाणी मिळाली त्यांवर वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा राजा चेओलवुल्फ यांच्या नावांनी काढलेली, दोन सम्राट शेजारी बसल्याचे चित्र असलेली नाणी होती. दोन्ही राजांचे एकसारखे नाणे म्हणजे त्यांच्या मैत्रीचा पुरावा. आल्फ्रेडच्या बाजूने लिहिलेल्या बखरीत मात्र चेओलवुल्फची संभावना एक मूर्ख सरदार म्हणून केलेली आहे. बखर खरी की नाणी, याचे उत्तर अधिक भक्कम करणारी उरलेली नाणी कोणाच्या कपाटात पडली आहेत, कोण जाणे.

असाच प्रकार महाराष्ट्रात घडला असता तर? १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षत्रप राजा नहपान याची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एकत्र मिळाली. त्यांतील बहुसंख्य, सुमारे नऊ हजार नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटवला होता. पराभूताचे चलन विजेत्याने आपले करून घेतल्याचा हा पुरावा होय. एखादे पुन्हा ठसा मारलेले नाणे सुटे सापडले असते, तर त्यावरून एवढे अनुमान कोणी केले नसते. हजारो नाणी एका जागी, एका ढिगात होती, म्हणूनच ती बोलली. भारतात अशा निधीविषयी १८७८ चा निखात निधी कायदा आहे. त्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मूल्याची ठेव सापडल्यास ती सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. गुप्तधनाच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांना हा कायदा बहुधा माहीत नसतो.

स्मरण देणे तंत्राला अवघड नाही. उपग्रहांच्या साहाय्याने जागा नोंदवणारे छंदाचे यंत्र २०१२ सालीच बाजारात आले होते. साध्या उपकरणाची अचूकता काही मीटरची असते आणि नांगरलेल्या शेतातील वस्तूसाठी तेवढी पुष्कळदा पुरते. उद्याच्या यंत्राने याहून थोडे अधिक करावे. मुठीवरील एक कळ दाबताच जागा, वेळ आणि संकेताचा अंक नोंदला जावा. वस्तूचे छायाचित्र त्याच नोंदीला जोडले जावे. ठरावीक अंतरात अनेक संकेत दाटीने मिळू लागले, तर 'थांबा, येथे साठा असू शकतो,' अशी सूचना यंत्राने द्यावी. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत पाऊल पडण्यापूर्वीच त्याने सावध करावे. इंग्लंडमध्ये १९७९ च्या कायद्याने अशा जागी परवानगीशिवाय यंत्र वापरणे गुन्हा आहे, पण शेतात हद्दीची रेघ आखलेली नसते.

याला छंदिष्टांचा आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. नोंद फुटली तर रात्री चोर त्याच शेतात उतरतील. शेतकऱ्याचे पीक तुडवले जाईल आणि तो पुन्हा कोणालाच परवानगी देणार नाही. म्हणूनच वर उल्लेखिलेल्या योजनेतही सर्वसामान्य वाचकाला जागा ढोबळच दाखवली जाते, नेमका बिंदू दिला जात नाही. यंत्रातील नोंद यंत्रवाल्याच्याच ताब्यात असावी, ती कारखानदाराच्या संगणकात आपोआप जाऊ नये, आणि संग्रहालयाकडे किती अचूक माहिती द्यायची हे शेतकऱ्याला विचारून ठरावे, ही अपेक्षा रास्त आहे. पुसता येणारी नोंद अप्रामाणिक माणसाला अडवू शकणार नाही, हेही तितकेच खरे. तिचा उपयोग आहे तो लॉझ यांच्यासारख्यांना, ज्यांना थांबायचे असते आणि नेमके कोठे थांबलो ते सांगायचे असते.

लॉझ यांना हॉक्सनच्या निधीसाठी साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले. ते त्यांनी व्हॉटलिंग यांच्याबरोबर वाटून घेतले. ज्याच्यामुळे हा शोध लागला तो हातोडाही निधीबरोबर आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

शब्दार्थ

निधी – पुरून ठेवलेली ठेव, साठा
परगणा – प्रांताचा विभाग, येथे इंग्लंडमधील जिल्हा
वारंवारिता – एका सेकंदात होणाऱ्या आवर्तनांची संख्या
वाहकता – वीज वाहून नेण्याची क्षमता
क्षीण – दुबळा, मंद
नांगरट – नांगरून उलथलेली माती
संभावना करणे – (येथे) उपहासाने उल्लेख करणे
ढोबळ – स्थूल, नेमके नसलेले

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची प्रत्येकी चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सोन्याची अंगठी आणि डब्याची कडी यांचे संकेत सारखे का येतात?
(आ) जोगळटेंभी येथील नाणी एकत्र सापडल्यामुळे कोणते अनुमान करता आले?
(इ) जागेची नोंद ठेवणाऱ्या यंत्राविषयी छंदिष्टांचा आक्षेप कोणता? तुम्हांला तो पटतो का?

२. कारणे द्या.
(अ) जांभ्या दगडाच्या प्रदेशात साधे धातुशोधक यंत्र नीट चालणार नाही.
(आ) मोठी थाळी लावून सर्व अडचणी सुटत नाहीत.

३. भाषाभ्यास.
(अ) 'चांदीच्या थाटात गाते', 'भोवरे विझताना ऐकते', 'खांदा काय म्हणतो' या शब्दप्रयोगांत निर्जीव गोष्टींना सजीवाची क्रिया लावली आहे. पाठातून असे आणखी दोन प्रयोग शोधून लिहा.
(आ) 'धातुशोधक' या शब्दाप्रमाणे 'शोधक' हे उत्तरपद असलेले दोन शब्द तयार करून वाक्यांत वापरा.

४. उपक्रम.
तुम्ही रोज वापरत असलेले एखादे यंत्र किंवा अवजार घ्या : शिलाई यंत्र, पाण्याचा पंप, वजनकाटा, मोबाइल फोन. त्यात कोणते दोन गुण हवे होते असे तुम्हांला वाटते? त्यांपैकी एखाद्या गुणामुळे दुसऱ्या कोणाची अडचण होईल का, याचाही विचार करून पंधरा ओळी लिहा.